तुरुंगाच्या पर्यायांवर पीएच.डी. करायची? आधी जामिनाच्या टेबलापाशी बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरकडचा २६ वर्षांचा एक तरुण. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, दोन वर्षं एका संस्थेमार्फत जिल्हा कारागृहात कायदेविषयक मदतीचं काम केलंय. आता ‘कारागृहाला पर्याय’ या विषयावर पीएच.डी. करून अध्यापन-संशोधनात राहता येईल का, असं तो विचारतो. एलएल.बी. लागेल का? तुरुंगात जायची परवानगी मिळते का? आणि घरचे ‘बी.एड. कर’ म्हणून मागे लागलेत, त्यांना काय सांगायचं?

मी या कामात तीसेक वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं तुरुंगात समाजकार्यकर्ती म्हणून गेली, उरलेली समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवण्यात. पगारपाण्याचंही सांगते, पण आधी तुमच्या विषयाबद्दल बोलू द्या. नोकरीपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त वाटतेय.

तुमच्या डोक्यात चित्र असं दिसतं की तुरुंगात जायचं, बंद्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि शेवटच्या प्रकरणात ‘शिफारशी’ म्हणून पर्याय सुचवायचे. असे प्रबंध मी परीक्षक म्हणून बरेच वाचलेत. सगळ्यांच्या शिफारशी सारख्याच: परिवीक्षेचा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर सोडण्याचा) वापर वाढवावा, खुली कारागृहं वाढवावीत, समुपदेशक नेमावेत. चूक काहीच नाही, पण त्या लिहायला पाच वर्षं कशाला हवीत? पर्याय कायद्यात कधीचे पडून आहेत. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा आहे, आणि त्याच्याही आधी मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतःचा परिवीक्षा कायदा केला होता. १९५८ च्या कायद्याचं कलम ६ तर सांगतं की आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर तुरुंगात पाठवताना न्यायालयाने त्याची कारणं नोंदवली पाहिजेत. म्हणजे तरुण पोरांच्या बाबतीत तुरुंग हाच अपवाद, परिवीक्षा हा नियम. सत्तरीकडे निघालेल्या या कायद्याचा कागद नेमका कुठे अडतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. आणि तो कागद तुरुंगात अडत नाही, कोर्टात अडतो.

आकडा समोर ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेली), म्हणजे शंभरातली शहात्तर. आपण ज्यांना पर्याय म्हणतो, ती परिवीक्षा असो, ताकीद असो की सामुदायिक सेवा, ते सगळे दोषी ठरल्यानंतरचे. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला शिक्षेचा पर्याय काय देणार? त्याचा पर्याय एकच, जामीन. ‘पर्याय’ या शब्दाखाली जामिनाला जागा नसेल, तर शंभरातल्या चोवीसांवरच प्रबंध लिहाल.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले दोन महिने तुरुंगात जाऊच देत नाही. तालुका न्यायालयात, जिथे जामीनदारांचे कागद तपासतात त्या टेबलाजवळच्या बाकावर बसवते. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. दुपारनंतर तिथे गर्दी होते. मला आठवते ती भाजी विकणारी एक बाई. मुलावर मोबाइल चोरीची केस, जामीन मंजूर झालेला. आदेशात ओळ अशी: ‘रु. १५,०००/- चा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’. जातमुचलका म्हणजे आरोपीचं स्वतःचं हमीपत्र. बाईने दिराला आणलं होतं. त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार, वीजबिल सगळं होतं. कारकुनाने विचारलं, ‘घरपट्टीची पावती?’ घर गायरानावर होतं, पावती कुठून येणार? ‘मग ऐपतीचा दाखला आणा तहसीलमधून.’ दीर तहसीलला गेला, तलाठी रजेवर. पुढच्या आठवड्यात दीर ऊसतोडीला निघून गेला, आणि पोरगा आतच. मी नंतर त्या केसचा रोजनामा, म्हणजे कोर्टातली तारखेतारखेची नोंद, काढून वाचला. जामीन मंजूर झाल्यानंतरच्या तारखांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा: ‘आरोपीस हजर केले नाही. पुढील तारीख.’ शेवटी पोराने गुन्हा कबूल केला आणि भोगलेल्या दिवसांवर सुटला. तुरुंगाच्या दप्तरी तो आता ‘शिक्षा झालेला’ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात नेमकं हेच हाताळलं होतं. मोतीराम गवंडी होता, जामिनाची रक्कम दहा हजार, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची जामीनकी नाकारलेली. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाचे आणखी निर्देश आले: जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेविषयक मदतीची यंत्रणा) कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर न्यायालय आपणहून अटी सैल करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना काढली, तेव्हा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत. कागदावर आता सगळं आहे. घरपट्टीच्या पावतीचा प्रश्न मात्र आजही टेबलावर तसाच विचारला जातो. १९७८ ते आज या अंतरात पाणी कुठे मुरतं, हे शोधायला कायदेपंडित लागत नाही. बाकावर बसायची तयारी असलेला समाजकार्याचा माणूस लागतो. त्या बाबतीत तुम्ही वकिलांपेक्षा पुढे आहात.

जाता जाता एक गंमत. परिवीक्षेची सुरुवात १८४१ साली बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभारकाम करणाऱ्या माणसापासून धरतात. त्याने काय केलं? कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याला तो जामीन राहिला आणि ठरल्या तारखेला त्याला सुधारलेल्या अवस्थेत घेऊन आला. म्हणजे या सगळ्या शास्त्राचं मूळ जामीनदारातच आहे, आणि आपलं घोडंही तिथेच अडलंय.

आता परिवीक्षेकडे. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतो. तुरुंग गृह खात्याकडे, न्यायालय आपल्या जागी, आणि हा अधिकारी तिसऱ्याच खात्यात. त्याच्या टेबलावर बालकांची प्रकरणंही असतात आणि खात्याच्या योजनांचे अहवालही. या गराड्यात न्यायालयाकडून सामाजिक तपासणी अहवालाची मागणी येते. मुळात ती येते तरी का, हाही शोधायचा मुद्दा आहे. बऱ्याच वकिलांना युक्तिवादात परिवीक्षेवर सोडण्याचं कलम ४ आठवतच नाही. मी एकदा एका जिल्ह्यातले जुने अहवाल वाचायला बसले होते. अहवालामागून अहवाल उलटत गेले, आणि प्रत्येकात तेच वाक्य, एका काना-मात्रेचाही फरक नाही: ‘गावात चौकशी केली असता वर्तन सर्वसाधारण असल्याचे समजते.’ एका फाइलमध्ये तर अहवालावरची तारीख शिक्षेच्या आदेशानंतरची होती. वरातीमागून घोडं. त्या अधिकाऱ्याला दोष द्यावासा वाटला नाही. फिरतीला गाडी नाही, आणि गाव चाळीस किलोमीटरवर. पण ‘सर्वसाधारण’ एवढ्या एका शब्दावर न्यायाधीशाने कुणाला सोडायचं कसं?

नव्या कायद्याने सामुदायिक सेवा आणली म्हणून तुम्ही उत्साहात आहात, ते कळतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि मोठ्यांच्या शिक्षांच्या यादीत ही शिक्षा पहिल्यांदा आली. पण कोणत्या गुन्ह्यांना, ते नीट बघा. लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणं, उद्घोषणेनंतर हजर न होणं, लोकसेवकावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी (तीही माल किंवा किंमत परत केली तर), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा आणि अब्रुनुकसानी. एवढीच सहा. यातल्या किती गुन्ह्यांत माणूस एरवी खरोखर तुरुंगात गेला असता? ज्याला आधी शंभर-दोनशे रुपये दंड होऊन घरी जाता येत होतं त्याला आता झाडू मारायला लावलं, तर तुरुंगातला एकही माणूस कमी झाला नाही. शिक्षेचं जाळं तेवढं रुंदावलं. पर्यायाचा कोणताही आदेश वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा नसता, तर या माणसाचं काय झालं असतं?

आणि सामुदायिक सेवा आपल्याकडे अगदी नवी आहे, हेही अर्धवट खरं. बाल न्याय मंडळाला, म्हणजे अल्पवयीन आरोपींच्या केसेस बघणाऱ्या मंडळाला, हा आदेश द्यायचा अधिकार २००० च्या कायद्यापासून आहे, २०१५ च्या कायद्यातही तो राहिला. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य बसतात. भारतात समाजकार्याचा माणूस निकाल देणाऱ्या खुर्चीवर बसतो, अशी माझ्या डोळ्यांसमोरची ही एकमेव जागा. वीस-पंचवीस वर्षांत कुठल्या मुलाला कुठे पाठवलं, त्याने तिथे काय केलं, देखरेख कुणी केली, हे फायलींत पडून आहे. मोठ्यांसाठीचे नियम करायला निघालेल्यांनी आधी या फायली उघडायला हव्यात. मी तुमच्या जागी असते तर हाच विषय उचलला असता.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो समजण्यासारखा होता, दोन जीव गेले होते. पण त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात ‘पर्याय’ हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरून ‘निबंध!’ असा आवाज यायचा. या क्षेत्रात काम करायचं तर अशा एका आदेशाने वर्षांचं काम वाहून जातं, हे गृहीत धरा. आणि लोकांना मूर्ख समजू नका. त्यांचा सवाल निबंधाबद्दल नव्हता. गरिबाच्या पोराला हाच निबंध मिळाला असता का, असा होता. त्याचं उत्तर संशोधकाकडे असायला हवं.

दुसरी बाजूही बघा. पर्याय म्हटलं की तो मायेचाच असतो, असं नाही. सोलापूरला जाऊन सेटलमेंटबद्दल म्हाताऱ्या माणसांशी बोला. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली होती. हजेरी, पास, गिरणीत काम. सरकारी भाषेत ते ‘सुधारणे’चंच काम होतं, तुरुंग नव्हता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि त्याच माणसांकडे बोट राहिलं. त्याच वर्षीचा भिक्षा प्रतिबंध कायदाही तसलाच, नाव ‘स्वीकार केंद्र’ आणि दार बाहेरून बंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतल्या जातीच्या तरतुदी रद्द केल्या, तेव्हा विमुक्त जमातींचा उल्लेख त्यात आला तो उगाच नाही. परिवीक्षेच्या अहवालात ‘चारित्र्य’ हा रकाना असतो. पारधी वस्तीवरच्या पोराबद्दल गावात चौकशी केल्यावर तिथे काय लिहून येत असेल, याचा विचार करा.

याच्या उलट उदाहरण आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने भिंतीविना वसाहत उभी राहिली, कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमामुळे ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त कुतूहल याचं की ऐंशी वर्षांनंतरही खुली कारागृहं म्हटली की आपण पैठण आणि येरवड्याची दोन-चार नावं घेऊन थांबतो. ती मिळतात तीही शिक्षा झालेल्यांना, बरीच वर्षं आत काढल्यावर.

गावपातळीवरच्या समेटावर काम करायचा विचार तुम्ही शेवटी ओझरता लिहिलाय. त्याची परदेशी नावं बाजूला ठेवा आणि तंटामुक्त समितीचं रजिस्टर मागा. २००७ पासूनची ती मोहीम आहे, बक्षिसापायी गावांनी धडाधड तंटे मिटवले. कुणी माघार घेतली, बाईची तक्रार ‘सामोपचाराने’ मिटली तेव्हा ती खोलीत होती का, हे त्यात दिसतं. जातपंचायतीही ‘न्याय’च करत होत्या, म्हणून तर आपल्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. समेटाच्या नावाने हुरळून जाऊ नका, एवढंच.

परवानगीबद्दल. तुरुंगासाठी अर्ज पुण्याच्या कारागृह मुख्यालयात करावा लागतो, संस्थेच्या पत्रासह, प्रश्नावली जोडून. सहा महिने धरूनच चाला, आणि मिळाली तरी अधीक्षक बदलला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. ई-कोर्ट्सवर रोजनामे आणि आदेश उघड आहेत. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीच्या बैठका होतात, त्यांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं, काही गुन्हे आणि काही अटी सोडून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या केसेसनाही लागू केलं. तुमच्या जिल्ह्यात अशी किती नावं समितीपुढे आली आणि किती प्रत्यक्ष सुटली? एवढ्यावरही एक चांगला शोधनिबंध होतो.

आत गेल्यावरची एक गोष्ट मात्र कुठल्याही संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवत नाहीत. बराकीत माणूस तुमच्या प्रश्नावलीला ‘हो’ म्हणतो तेव्हा ती संमती नसते. बाहेरचं माणूस आलंय, चार शब्द बोलायला मिळतात, कदाचित आपली तारीख बघेल, ही आशा असते. पाचव्या प्रश्नाला तो म्हणतोच, ‘मॅडम, घरी एक फोन लावाल?’ सुरुवातीच्या वर्षांत मी एकाचा निरोप त्याच्या आईला पोचवला. साधा होता, ‘मी बरा आहे, धाकट्याला शाळेतून काढू नको’. कुणीतरी कळवलं आणि माझं आत जाणं तीन महिने बंद झालं. माझ्यामुळे बाकीच्या चाळीस-पन्नास माणसांचं कामही थांबलं. तेव्हापासून मी दोन वह्या ठेवते. एक संशोधनाची. दुसरीत फक्त नाव, बराक आणि काय हवंय ते, आणि ती वही निघताना कल्याण अधिकारी किंवा विधी सेवेच्या वकिलापुढे उघडायची. आपला अभ्यास निर्मळ राहावा म्हणून दुसरी वही ठेवायचीच नाही, असं म्हणणारे प्राध्यापक आहेत. मला ते पटत नाही. आपण समाजकार्याचे लोक आहोत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये आर्थर रोडला ‘प्रयास’ सुरू केलं, ते काम आणि संशोधन एकाच हाताने करता येतं या समजुतीवरच, आणि ते अजून चालू आहे.

आता पोटापाण्याचं. एलएल.बी. लागत नाही, पण मूळ कायदे स्वतः वाचायची सवय लागते. गाइडसारखी पुस्तकं नको, कलमं वाचा. नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या, समाजकार्य किंवा गुन्हेगारीशास्त्र, दोन्ही विषय आहेत, आणि २०२४ पासून ते गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. ती हुकली तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती किंवा टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या बघा. जाहिरातींवर लक्ष ठेवा, मुदती कमी दिवसांच्या असतात, आणि पैसे उशिरा येतात हे धरूनच उधारी करा. पीएच.डी. तीन ते सहा वर्षं. त्यानंतर अनुदानित जागा कधी निघेल ते कुणी सांगू शकत नाही. माझे दोन अत्यंत हुशार विद्यार्थी आज तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावतायत. एक जण विधी सेवेच्या कामात गेला, एक जणी बाल न्याय मंडळावर सदस्य आहे, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात चांगलं संशोधन करतेय, नियतकालिकांत न छापता. केवळ प्राध्यापकी हवी असेल तर हा विषय घेऊ नका. सोपे, लवकर संपणारे विषय भरपूर आहेत.

घरच्यांना खोटं सांगू नका. पाच वर्षं पैशाची ओढाताण राहील, हे आधीच सांगा. बी.एड.ला विरोध म्हणून हे करू नका, आणि भीतीपोटी तेही करू नका. शिक्षक भरतीची अवस्थाही काही निराळी नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकच विचारा, ‘सर किंवा मॅडम क्षेत्रकार्याला कधी सोबत आले होते का?’ आणि प्रबंध मराठीत लिहिता आला तर लिहा, निदान टिपणं तरी. ‘तारीख पडली’, ‘आत टाकलं’, ‘जामीनदार फिरला’ यांचं इंग्रजी केलं की माणूस निसटतो.

सध्या इतकंच करा. सोमवारी तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात जा, रिमांडचं काम उरकल्यावर, साधारण तीनच्या पुढे. रेघांची वही घ्या आणि तीन रकाने आखा: कोण आलं, कोणता कागद मागितला, काय घेऊन परत गेले. तीन आठवड्यांनी ती वही मला दाखवा, मग शीर्षकाचं बघू.